मिकोलाच्या आजीची गाय

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते आपोआप साठत जातात! नव्वदच्या दशकात शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका ट्रक वर्कशॉपमध्ये मी स्टोअर सांभाळायचो. तिथे मिकोला नावाचा युक्रेनियन मेकॅनिक होता. आमच्याकडून तो मोडकंतोडकं हिंदी शिकला आणि लंच-टाइमला आपल्या आजीच्या गोष्टी सांगू लागला.

*

आजी तरुण असताना सोव्हिएत सरकारचा हुकूम आला. जमीन, गुरं, बियाणं, सगळं सामुदायिक शेतीत जमा करा! साहेब सह्या घ्यायला गावात आला. पुरुष म्हणाले, "बायकोला विचारून सांगतो." साहेब घरोघर गेला, तर झाडून सगळ्या बायका माहेरी!

आमच्या वर्कशॉपमधले पुण्याचे कुलकर्णी म्हणाले, "यात बंड कसलं? मी तर रोज विचारतो!"

*

मग बियाण्यासाठी झडती आली. आजीने गहू पाळण्यात गादीखाली पसरला आणि वर बाळाला झोपवलं. ते बाळ म्हणजे मिकोलाचे वडील.

"गेहूँ चुभता था ना! पापा इतना रोया, साहब लोग भाग गया!"

*

एकदा आमच्या मॅनेजरलाही लहर आली. "यल्ला, चला! सगळ्यांचे टूल्स एकाच स्टोअरमध्ये!" दुसऱ्या दिवशी माझ्याकडे काय जमा झालं? चार वाकडे पाने, बिनदांड्याचा हातोडा आणि गंजलेला जॅक.

मिकोला खूश! "हमारा गाँव भी ऐसा ही घोड़ा दिया था. सब लंगड़ा!"

*

आजीची गाय मात्र सरकारने नेलीच. पुरुष पुढे झाले तर थेट सायबेरिया, म्हणून बायकाच गेल्या. सामुदायिक गोठ्याचं कुलूप तोडून आपापली गाय घरी घेऊन आल्या. आठवड्याभरात आजोबांना धरून नेलं. ते परत आले नाहीत.

"पण त्यांचा गुन्हा काय?" मी विचारलं.

"गाय घर में मिला."

त्या दिवशी आम्हाला कोणालाच जेवण गेलं नाही. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

*

पुढे सोव्हिएत राज्य गेलं. जमिनी लोकांना परत द्यायचं ठरलं. एका शुक्रवारी मिकोला गावी फोन करून बूथमधून बाहेर आला तो हसत, पण डोळे भरलेले.

नव्वदीला टेकलेल्या आजीच्या दारात सरकारी जीप थांबली होती. साहेब कागद घेऊन उतरला. "आजी, दार उघडा! तुमची जमीन परत द्यायला आलोय!"

आतून आवाज आला, "घरी कोणी नाही!"

साहेबाने खिडकीतून डोकावून पाहिलं. आजी दाराला पाठ लावून उभी होती, आणि गाय स्वयंपाकघरात.