अक्काच्या रेशमी पातळाचं विमान

आमच्या दाजींच्या हातात काहीही द्या, ते आधी त्याचं वजन सांगायचे. वांगी असोत, पितळी तांब्या असो, नाहीतर माझ्या शाळेच्या वह्यांचा गठ्ठा असो. अक्काला पहिली मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात सगळ्यांचं नाक कुणाचं नि कपाळ कुणाचं चाललेलं, आणि या गृहस्थांनी पोरीला दोन्ही तळव्यांवर तोलून सांगितलं, "पावनेतीन किलोला जराशी कमी हाय." नर्सबाईंनी काट्यावर ठेवलं तर तेवढीच भरली. आई मला हळूच म्हणाली, जावई केलाय का वाणी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, रतनअक्काचे यजमान, कानिफनाथ गाडेकर. विमानदलात इंजिन फिटर होते. मुदत संपली तशी वर्दी उतरवून घरी आले आणि कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात फिटर म्हणून लागले. मी त्याच कारखान्याच्या शाळेत शिकवायची आणि चाळीत अक्काकडेच राहायची. माझं नाव लंका. दाजी कुणालाही माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हिला पेटवायला हनुमान लागत न्हाई, ही आपली आपन पेटती." मेव्हणी म्हटल्यावर एवढी थट्टा चालायचीच, आणि खोटं तरी काय होतं त्यात. आजही तो दिवस आठवला की मी पेटते, म्हणून तर सांगायला बसले.

विमानदलातले एक साहेब परदेशी कायमचे जायला निघाले तेव्हा त्यांनी दाजींना एक खोकं दिलं होतं. त्यात जमिनीवर उभं राहून रेडिओने खेळण्यातलं विमान चालवायचा संच होता, आणि मुठीत मावेल एवढं एक इंजिन. खेळण्यातलं म्हणायचं आपलं. दाजींनी त्यासाठी बांधलेलं विमान आमच्या स्वयंपाकघरात मावेना. पंख एका भिंतीपासून निघून पार मांडणीपर्यंत. मी भाकरी थापायला बसले की डोक्यावर पंख.

असल्या विमानाला परदेशात खास हलकं लाकूड वापरतात म्हणे. ते इथं कोण देतो? दाजींनी पांगाऱ्याचं लाकूड आणून पापडासारख्या फळ्या तासल्या. वरून मढवायला कापड हवं, तेही हलकं आणि ताणाला पक्कं. असं कापड घरात एकच होतं, अक्काचं लग्नातलं येवल्याचं रेशमी पातळ. दाजींनी ते मागितलं नाही, नुसतं एकदा हातावर घेऊन तोललं आणि परत पेटीत ठेवलं. अक्काने दोन दिवस पेटीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच पातळ काढून कात्री लावली. "एकदाच तर नेसले," म्हणाली, "पेटीत पडून कसर लागायची, त्यापेक्षा उडू दे." काठ मात्र तिने कापून ठेवले, कारण काठातली जर जड असते असं दाजी म्हणाले होते. शाळेतले पिंगपाँगचे फुटके चेंडू मी आणून दिले. ते कसल्याशा द्रावणात विरघळवून त्याचं रोगण दाजींनी रेशमावर दिलं, तेव्हा ते ढोलकीसारखं ताठ झालं. महिनाभर घरात त्या रोगणाचा आणि जळक्या एरंडेलाचा वास होता, कारण ते इंजिन स्पिरिट आणि एरंडेल पीत असे. आम्ही त्या महिन्यात काय खाल्लं ते चवीवरून सांगता आलं नसतं.

मी विचारलं, "एवढं ग्रॅम-ग्रॅमसाठी कशाला रडता हो दाजी? थोडं जड झालं तर काय बिघडलं? मोठं इंजिन लावा."

"इंजिन एवढंच हाय, लंकाबाई. दुसरं कुठनं आनू? आन् मोठं लावलं तरी ह्यो सांगाडा त्याचा जोर सोसंल का? दोगांचं जमाया लागतं."

मग त्यांनी मला गाडीतळावर, उसाच्या बैलगाड्या थांबायच्या त्या मैदानात, नेऊन दाखवलं. विमानाची शेपटी ताणकाट्याला बांधली, ताणकाटा लिंबाच्या बुंध्याला, आणि इंजिन पूर्ण सोडलं. विमान दावं तोडायला निघालेल्या खोंडासारखं ओढू लागलं आणि काटा चार किलोच्या अलीकडे जाऊन थांबला. "ही इंजिनाची ओढ," दाजी म्हणाले. "आता विमानाचं वजन साडेतीन. म्हंजी ओढ वजनापरीस जास्ती. मग ते सरळ आभाळाकडं तोंड करून चढतं. भिंतीवर पाल चढती ना, तसं. वजन वाढलं की संपलं, मग नुसती घार."

ते उभं चढणं दाजींना हवं होतं, आणि त्याला कारण होतं. कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी शब्द दिला होता की यंदा गळीत हंगामाची मोळी टाकायच्या कार्यक्रमात पाहुण्यांसमोर विमानाचे खेळ चांगले झाले, तर शाळेत विमानं बनवण्याचा वर्ग काढू आणि गाडेकरांना पाळीवरून काढून तिथे शिकवायला नेमू. दाजींनी आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. रात्रपाळीहून आले की अंथरुणावर पडल्या पडल्या मला विचारायचे, मुलांना आधी पतंग शिकवावा का सरळ विमानच. मी म्हणायची, आधी झोपा.

हे त्र्याहत्तर साल. आदल्या वर्षीच्या दुष्काळात उसाची चिपाडं झाली होती, यंदा जरा रस होता, म्हणून मोळीचा कार्यक्रम दणक्यात करायचं ठरलं. आदल्या दिवशी चेअरमनसाहेबांचा निरोप आला की विमान गेस्ट हाऊसला पाठवा, पाहुण्यांना रात्री बघायचंय. दाजी पाळीवर होते. अक्काने विमान माणसांबरोबर दिलं. न देऊन सांगते कुणाला.

सकाळी विमान परत आलं तेव्हा मी ओळखलंच नाही. कारखान्याच्या पेंटरने ट्रकच्या हौद्याचं काम करावं तसं मन लावून काम केलं होतं. आधी पुट्टी, मग पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात, आणि पंखावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल अक्षरांत 'सहकारभूषण गोरक्षनाथराव बाबाजी हिंगे पाटील'. भोवती वेलबुट्टी. अक्काच्या पातळाचा रंग शोधूनही दिसत नव्हता.

दाजींनी विमान उचललं आणि तिथेच उभे राहिले. ताणकाट्याला लावायची गरज नव्हती, तरी लावलं. चार किलोच्या वर गेलं. रंग काढावा तर थिनरने खालचं रोगणही विरघळणार. अक्का तोंडाला पदर लावून दारात उभी होती.

दाजी चेअरमनसाहेबांकडे गेले, मीही मागोमाग गेले. साहेब मांडवात पाहुण्यांशी बोलत होते. दाजी म्हणाले, "साहेब, रंगानं वजन वाढलंय. आज उडवाया नको."

साहेब हसले. चांगलं हसतात ते, फोटोत शोभतं. "गाडेकर, दोनशे मानसं पोटात घालून विमानं उडत्यात. आन् तुमचं रंगानं बसतं व्हय?" पाहुणेही हसले. "नाव टाकलं ते चुकलं का आमचं?"

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. दाजींनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी गिळलं.

परत येऊन त्यांनी विमानाची चाकं काढून टाकली. टाकी निम्मीच भरली. "आता ओढीच्या जरासं खाली येतंय वजन," म्हणाले. "पन चाकाबिगर ते पळनार न्हाई. तुमीच फेका, लंकाबाई. नाक खाली नको, वर बी नको. सरळ." मी पदर खोचला, ते धूड डोक्यावर धरलं आणि शाळेतल्या सगळ्या पोरांसमोर धावत जाऊन फेकलं. ते माझ्या हातातून निघून खाली बसतंय असं वाटलं, पण गवताला लागता लागता सावरलं आणि वर गेलं.

काय उडवलं हो त्या माणसाने. जड विमान, निम्मी टाकी, पण बाहेर कुणाला कळू दिलं नाही. एक मोठा गोल मारला, मग आडव्या कोलांट्या. मग मांडवासमोर आणून नाक आभाळाकडे केलं आणि ते उभं चढलं. हवं तेवढं उंच नाही गेलं, वर जाऊन क्षणभर थबकलं, तोच दाजींनी अलगद कुशीवर वळवून खाली घेतलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, झालं, मिळाला वर्ग. मीच रडायला लागले होते.

तेवढ्यात चेअरमनसाहेबांचा कारकून पळत आला. "साहेब इचारत्यात, नाव कुठंय? दिसत न्हाई."

पेंटरने विमान टेबलावर ठेवून रंगवलं होतं. टेबलावर ठेवलं की पंखाची वरची बाजू समोर येते. नाव वरच्या अंगाला होतं आणि लोक खाली होते.

"वरून देवाला दिसतंय की," दाजी विमानावरची नजर न काढता म्हणाले.

कारकून गेला. मग लाउडस्पीकरवर साहेबांचाच आवाज आला, "गाडेकर, विमान पलटी करून आना मांडवावरनं. लोकांना वाचू द्या."

असली विमानं उलटी उडतात, तो त्यांचा खेळच असतो. पण पाठीवर पडलेलं विमान हवेत टिकवायला इंजिनाला जास्त जोर लागतो, आणि इथे वजन अंगावर आलेलं, टाकीत शेवटचे घोट. मी म्हटलं, "दाजी, नाही म्हणा. खाली उतरवा."

"न्हाई म्हनलं तर वर्ग गेला."

"आणि पडलं तर?"

त्यांनी विमान लांब नेलं, वळवलं, उलटं केलं आणि मांडवाकडे आणलं, अगदी खालून, वाचता यावं म्हणून. माझ्याच वर्गातली पोरं एका सुरात वाचायला लागली, जशी फळ्यावरचं वाचतात तशी. सहकारभूषण गोरक्षनाथराव. बाबाजीपर्यंत आली तेव्हा इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. त्या शांततेत पोरांनी 'हिंगे पाटील' पूर्ण केलं. विमान धोंड्यासारखं बसत गेलं आणि गाडीतळाच्या दगडी कडेवर नाकाने आपटलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा पांगाऱ्याच्या काड्या झाल्या होत्या. इंजिनाचं तोंड फुटून आतला दांडा वाकला होता. दाजींनी ते हातात घेतलं, एरंडेलाने हात काळे झाले, आणि ते तसेच उकिडवे बसून राहिले. पंख मात्र रबराच्या पट्ट्यांनी बांधलेला असतो, तो आपटल्याबरोबर सुटून बाजूला उसात पडला. धड होता. वेलबुट्टीलासुद्धा ओरखडा नव्हता.

चेअरमनसाहेब लाउडस्पीकरवर म्हणाले, "विमान पडलं, पण नाव पडलं न्हाई." अशा टाळ्या पडल्या की बैल बिथरले. मग मोळी टाकली, पेढे वाटले. आठवड्याने हेडमास्तरांना कळवण्यात आलं की ज्याला स्वतःचं विमान सांभाळता आलं नाही तो पोरांना काय शिकवणार, तेव्हा वर्गाऐवजी शाळेला बँडचं सामान घ्यावं. बँड आला. ढोल मोठा होता, पोरांच्या पोटाला लागायचा. मी हेडमास्तरांशी भांडले, साहेबांच्या घरी जाऊन भांडले, तिथे मला चहा दिला. भांडायला आलेल्या बाईला चहा पाजून परत पाठवणं यासारखा अपमान नाही.

दाजी पुन्हा पाळीवर. घरात कुणी काही हातात दिलं तर वजन सांगेनात. अक्का मुद्दाम म्हणायची, अहो, हे कारलं बघा बरं किती असेल. ते म्हणायचे, काट्यावर ठेव.

पुढच्या हंगामाला सभागृहाची नवी इमारत झाली आणि व्यासपीठाच्या मागे भिंतीवर तो पंख लावायचं ठरलं. फिटर कोण, तर गाडेकर. मी मुलींना स्वागतगीताच्या तालमीला घेऊन तिथेच होते. दोन माणसांनी पंख आणला. दाजींनी तो दोन्ही तळव्यांवर घेतला आणि खूप दिवसांनी त्यांचा चेहरा तसा झाला, तोलताना व्हायचा तसा.

"परत रंग दिलाय," ते म्हणाले. "पावशेर वाढलंय."

"व्हय, वार्निश मारलंय साहेबांनी," कारकून म्हणाला. "टिकावं म्हनून."

दाजी शिडीवर चढले. भिंतीत चार मोठे खिळे ठोकले, प्रत्येकाला लोंबकळून बघितलं, वर पुन्हा तारेचे वेढे दिले. एका टोकाला रंगाच्या कडेतून बोटभर रेशीम दिसत होतं, अक्काच्या पातळाचं, मोरपंखी. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मला राहवलं नाही. मुलींसमोरच म्हटलं, "त्यांच्या नावासाठी एवढं पक्कं कशाला करता, दाजी? लटकू द्या की एका खिळ्यावर."

ते शिडीवरूनच म्हणाले, "पडलं तर परत माजंच नाव निघंल, लंकाबाई."

मग उतरले, हत्यारं पिशवीत भरली आणि दुसरी पाळी लागायच्या आत गेले.