लेकरं पळतं

खरं सांगायचं तर भाऊजींना आपली वहिनी फारशी ठाऊकच नव्हती. चष्म्याच्या दुकानात दोघांनी वर्षानुवर्षं काढली. भाऊजी पुढे फ्रेमा बसवायचे, वहिनी मागच्या खोलीत चाकावर भिंगांच्या कडा घासायच्या. दादा, भाऊजींचे थोरले भाऊ, गेल्यावर ते काम वहिनींनी अंगावर घेतलं आणि त्यात त्यांचा हात बसला. पण त्यांच्या मनात काय चाललंय, हे विचारायचा भाऊजींचा स्वभाव नव्हता. म्हणून एका सकाळी पिशवी खांद्याला लावून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी विद्यापीठात नाव घातलंय. प्राचीन ग्रीक शिकायला," तेव्हा भाऊजींच्या चिमट्यातला स्क्रू जो उडाला, तो काही सापडला नाही.

"ग्रीक? या वयात?"

"भाषा त्याहून म्हातारी आहे."

"अहो, पण का?"

"ह्यांच्या भिंगांच्या पुस्तकात कोनांना ती अक्षरं असतात ना, अल्फा, बीटा, थीटा? जन्मभर कोन मोजले, पण ज्यांची ही अक्षरं ती माणसं बोलत काय होती, ते काही कळलं नाही."

भाऊजींना वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. पण वहिनी तासाहून परत यायच्या त्या धापा टाकत, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला सुरुवात.

"भाऊजी, ते लोक शब्दांमध्ये जागाच सोडत नसत! दगडावर अक्षराला अक्षर चिकटलेलं!"

"मग वाचत कसे?"

"मोठ्यानं! शब्द कुठे तुटतो ते कानाला कळतं." लगेच दुसरं, "आणि चष्मे नव्हते हो त्यांच्याकडे. एवढं तत्त्वज्ञान, एवढी नाटकं, आणि चाळिशी लागली की काय करत असतील?"

"आपलं दुकान तिथे असायला हवं होतं," भाऊजी म्हणाले. त्यांना आपल्याच बोलण्याची गंमत वाटली. मग हळूच त्यांनीही अक्षरं गिरवली. वहिनींची उजळणी घ्यायला कुणीतरी हवंच होतं.

वहिनींचा जीव अडकला होता दुसऱ्या वर्षात. दुसऱ्या वर्षी मूळ महाकाव्य हातात देतात. भाषांतर नाही, सारांश नाही. समुद्र, गलबतं, रागावलेले वीर, सगळं त्यांच्याच शब्दांत. त्यासाठी पहिलं वर्ष पार पडायला हवं होतं. आणि वहिनी लेखी परीक्षेत आपटल्या.

घोळ एकाच गोष्टीचा होता. ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी शब्द अनेकवचनी असला तरी त्याचं क्रियापद एकवचनी असतं. वहिनींनी पेपरभर मराठी वळणानं अनेकवचनी क्रियापदं लिहिली होती. ग्रीक शिकवणाऱ्या बाईंनी लाल रेघा मारमारून शेवटी सांगितलं, "तोंडी घेईन एकदा. जमलं तर दुसरं वर्ष, नाहीतर पुन्हा अल्फापासून."

भाऊजींना हा नियमच पटेना. "म्हणजे तुम्ही एकट्या, तरी मी म्हणतो 'वहिनी आल्या'. आणि तिकडे अख्खी पलटण असली तरी 'लेकरं आलं'?"

"अगदी तेच! आपल्याकडे एकाला मान, त्यांच्याकडे सगळ्यांची मोट," वहिनी म्हणाल्या आणि एकदम उठल्या. "भाऊजी, हे जिभेलाच लावायला हवं. आजपासून दुकानात असंच बोलायचं. चुकले की टेबलावर टिचकी मारा."

झालं! "भाऊजी, भिंगं आलं का?" "गिऱ्हाइकं केव्हाचं बसलंय." "खोकी उघडून ठेवलं आहे." भाऊजी कान टवकारून बसायचे आणि वहिनी चुकून शुद्ध मराठी बोलल्या की टिचकी मारायचे. एक निवृत्त शिक्षक नवी चाळिशी न्यायला आले होते. "भिंगं तयार आहे," वहिनी म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "आहेत." वहिनी म्हणाल्या, "आहे." "अहो, आहेत!" मास्तरांचा आवाज चढला. भाऊजी मास्तरांच्या कानात कुजबुजले, "तब्येत ठीक आहे, मास्तर. परीक्षा आहे." मास्तर चष्मा घालून वहिनींकडे बराच वेळ बघत राहिले.

तोंडी परीक्षेच्या दिवशी भाऊजींनी दुकान बंद ठेवलं. भाषा विभागाच्या बोळकांडीत, अर्धवट उघड्या दाराशी, ते बाकावर अवघडून बसले. आत पंखा कुरकुरत होता. वहिनींनी उतारा वाचला. शब्द तुटत होते ते जागच्या जागी. मग बाई म्हणाल्या, "ग्रीकमध्ये सांगा, लेकरं पळतात."

"ता पाइदिआ..." वहिनी थांबल्या. "त्रेखू..."

बाहेर भाऊजी बाकाच्या कडेला सरकले. 'त्रेखूसि' म्हणजे अनेकवचन. म्हणजे गेलं दुसरं वर्ष. त्यांचं बोट नकळत बाकावर आपटलं. टक्!

आवाज आत गेला की नाही, ते देव जाणे.

"त्रेखेइ!" वहिनी ओरडल्याच. "ता पाइदिआ त्रेखेइ!"

"वा! आता पुन्हा मराठीत?"

"लेकरं पळतं!" वहिनींनी ठणकावून सांगितलं.

बाईंना असं हसू फुटलं की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "ग्रीकमध्ये पास! मराठीत मात्र नापास!"

वहिनी बाहेर आल्या तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. "भाऊजी, मिळालं! आपल्याला दुसरं वर्ष मिळालं!" म्हणाल्या. 'आपल्याला' ऐकून भाऊजींनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडे घेतली.

पुढे वर्ष सुरू झालं. वहिनी ओळीमागून ओळ वाचायच्या, चांगली ओळ आली की मागच्या खोलीतून हाक मारायच्या, आणि भाऊजी गिऱ्हाईक सोडून ऐकायला जायचे. महाकाव्य अर्ध्यावर आलं होतं. मग एका सकाळी वहिनी तासाला निघाल्या त्या परत आल्याच नाहीत. वर्गातच त्यांना चक्कर आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. निघताना त्या नेहमीसारख्या घाईत होत्या.

"वहिनी, चहा टाकलाय."

"नको हो, तास चुकेल. आज गलबतांवर वादळ यायचंय."

"मग दुपारी?"

"दुपारी घेऊ. दार ओढून घ्या, धूळ येते."