सखूबाईची निवळी

भूतबीत मी मानत नाही. उभा जन्म प्रयोगशाळेत गेला, नळीत दिसेल तेवढंच खरं म्हणणारा माणूस मी... तरी हे लिहितोय. हसायचं असेल तर खुशाल हसा.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. भिंगारच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी टेक्निशियन होतो. आमचे सर सशांना हाडातल्या एका प्रोटीनची इंजेक्शनं देत. ते प्रोटीन ओळखणाऱ्या अँटिबॉडी सशाच्या रक्तात तयार होत. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं, त्यात त्या मिळायच्या. सशांचं सगळं बघणारी सखूबाई त्याला 'निवळी' म्हणायची. हळूहळू सरसुद्धा निवळीच म्हणू लागले!

माझ्या छकुलीचे पाय वाकत चालले होते. एक डॉक्टर म्हणे यकृताचा दोष, दुसरे म्हणे हाडांचा. औषध कशावर द्यायचं? सोमवारी तिचं रक्त निवळीवर तपासायचं ठरलं; हाडाचं ते प्रोटीन त्यात वाढलेलं असेल, तर काचेवर पांढरी रेघ उमटणार होती. निवळीची बाटली एकच उरली होती.

सखूबाई होळीआधीच तापाने गेली होती. शेवटच्या दिवशी अंगात ताप असूनही पिंजऱ्यांपाशी थांबून म्हणाली, "येते गं बायांनो." मग मला, "भाऊ, पोरीची काळजी करू नका. हुतंय बरं. मी हाय की."

सोमवारी कुलूप उघडलं तर फ्रिज बंद पडलेला, आत भट्टी. आणि बाटलीच नाही! किल्ली फक्त माझ्याकडे, सर पुण्याला गेलेले. सगळं धुंडाळलं, तेव्हा कोपऱ्यातल्या माठाकडे लक्ष गेलं. प्यायला पाणी नव्हतं, माठ कधीचा कोरडा... पण त्याखालची वाळू ओली होती. वाळूत एक ओलं फडकं पुरलेलं. गाठ उलटी – सखूबाई पिंजऱ्यांवरची ओली पोती बांधायची तशी. त्या गाठीला मी रोज शिव्या घालायचो, दात लावल्याशिवाय सुटायची नाही. आताही दातच लावले. आत बाटली, गारेगार.

सर आले, सगळं ऐकलं नि म्हणाले, "आधी टेस्ट लावा. भुतं मग बघू."

दुसऱ्या दिवशी काचेवर पांढरी रेघ स्वच्छ उमटली. दोष हाडांचाच होता, आणि त्यावर औषध होतं. मी पिंजऱ्यांपाशी जाऊन पोटभर रडलो. छकुली पुढे शाळेत लंगडीत कुणाला हार जायची नाही.

बाटली तिथे कुणी ठेवली, वाळू कुणी भिजवली, मला आजही सांगता येत नाही. एवढंच कळतं, की निघताना आपण सगळेच 'येतो' म्हणतो... सखूबाई आली.