त्याची कोरी काठी

आम्ही दोघं एकाच चौकीत हवालदार. त्याची काठी वर्षानुवर्षं कोरीच राहिली. माझ्या मात्र दोन मोडल्या. बेलवलीच्या नळावर बायका हातघाईवर आल्या, तेव्हा मी काठी उगारली, तर हा टोपी काढून उलट्या बादलीवर बसला. "आधी मला पाणी पाजा, मग भांडा की," म्हणाला. एकीनं खरंच तांब्या भरला आणि सगळ्या हसल्या. मला बघून लोक वाट सोडायचे, त्याला बघून चहा मागवायचे. जाम जळायचो मी.

एकदा आमच्या शेजारी भावाभावांची मारामारी जुंपली. मी घरातच होतो, वर्दी चढवून तयार. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही बसा," आणि पलीकडच्या चाळीतून त्याला बोलवायला गेली.