झाकणामागचे चार चंद्र

झाकण लावलेल्या दुर्बिणीत मला चार चंद्र दिसले. असं मी माझ्या तोंडानं सांगितलं आणि मालकाचं अख्खं खळं हसलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मालकाचा लेक तर हसता हसता खालीच बसला.

मी भिल्ल. म्हसावदपासून दोन कोसांवरच्या गावात या मालकाचा सालदार होतो. दिवसा बैल, रात्री शेताची राखण. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत माझी साक्ष होती. मालकाची कडब्याची गंजी जळाली होती. नाल्याकाठी वेस्ता पावऱ्याचं जमिनीचं तुकडं होतं, मोलगीकडून खाली उतरून त्यानं ते कसायला घेतलं होतं. मालकाला ते तुकडं कधीपासून हवं होतं. वेस्तानं आग लावली आणि मी ती लावताना पाहिली, असं मला सांगायचं होतं. मी पाहिलं नव्हतं. मी त्या रात्री पार पलीकडे हरभऱ्यात होतो, तिथून नुसता उजेड दिसला. तरी मालक म्हणाले तेव्हा मी हो म्हणालो होतो. आमच्यात मालकाला नाही म्हणायची रीतच नव्हती.

मालकाचा लेक, भाऊ, बडोद्याला कॉलेजात होता. कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यानं ती पितळी दुर्बीण घेतली. माडीवरून ती मीच खाली आणली. तिच्या तिन्ही पायांखाली चिपा बसवून ती मीच स्थिर केली. मग लांब जाऊन उभा राहिलो.

भाऊंनी गुरू दाखवला. त्याच्याजवळ बारीक चार चंद्र. एकेक जण वाकायचा आणि म्हणायचा, "चार शेतस, चार." मलाही बघायचं होतं. खोटं कशाला बोलू, फार बघायचं होतं. जन्म आभाळाखाली गेलेला. तिकांडं, ती तीन ताऱ्यांची ओळ, कुठं आली, रात्र किती उरली, मोट कधी जुंपायची, हे मालक मलाच विचारायचे.

शेवटी भाऊ म्हणाले, "ये रे, तूही बघ. विज्ञान सगळ्यांचं असतं."

मी धोतराला हात पुसले आणि वाकलो. गार पितळ डोळ्याला लागलं. आत मिट्ट काळोख. मला वाटलं, माझाच डोळा कुचकामी. एवढ्या लोकांना दिसलं, मला कसं दिसत नाही?

मालकांनी मागून विचारलं, "काय रे, दिखनात का चार?"

"दिखनात, मालक."

"चारी?"

"चारी, मालक."

तेव्हा भाऊंनी पुढचं झाकण काढून सगळ्यांना दाखवलं. हसणं जरा ओसरल्यावर बापाला म्हणाले, "बघितलंत? या लोकांना जे सांगाल ते दिसतं."

मालक हसले नव्हते. पान चघळत ते एवढंच म्हणाले, "म्हनीसन ते कामना शे तो." म्हणूनच तर मी त्यांच्या कामाचा होतो.

भाऊंनी माझा डोळा लागलेली काच रुमालानं पुसली. पुढचा माणूस वाकला.

मला शरम वाटली, पण ती पहिल्यांदाच पुरी पडेना. राग आला. भाऊंचा आला, मालकाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. त्यांनी झाकण लावलं, पण चार कुणी मोजले? मी. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणणारी जीभ माझीच होती. आणि सकाळी त्याच जिभेवर एक माणूस तुरुंगात जाणार होता.

झोपडीत आल्यावर बायकोला सांगितलं, उद्या मी पाहिलं म्हणणार नाही.  ती म्हणाली, मग आपण राहायचं कुठं?  

कचेरीत मामलेदारानं विचारलं. मी म्हणालो, "मी देखं नही, साहेब."

कारकून लिहिता लिहिता थांबला. त्यानं आधीच काहीतरी लिहून ठेवलं होतं, ते खोडलं. मालक माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मागे बसलेल्या दुसऱ्या सालदाराला पुढे केलं. त्याला तयार ठेवलेलंच होतं. तो म्हणाला, "मी देखं." त्यानं मान वर केली नाही. मी त्याला नावं ठेवत नाही, कालपर्यंत तो मीच होतो.

वेस्ताला एक वर्षाची सजा झाली. त्याला फक्त पावरी बोली यायची. कचेरीत काय बोलणं झालं ते त्याला कळलं नाही. नेताना त्यानं त्या दुसऱ्या सालदाराकडे पाहिलं तसंच माझ्याकडेही पाहिलं. त्याच्या लेखी आम्ही दोघं सारखेच. होळीच्या आत ते तुकडं मालकाच्या नांगराखाली गेलं. आमची झोपडी मालकाच्या माणसांनी साक्षीच्या दिवशीच संध्याकाळी मोडली. मला दोघांनी धरलं आणि तिसऱ्यानं मारलं. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

वेस्ताच्या बायकोला शोधत मी डोंगरात गेलो. सांगितलं की मी नाही म्हणालो. ती म्हणाली, मग तो घरी का नाही?

माझ्या एका नाहीनं कुणाचं काही वाचलं नाही. पुढेही वाचेल असं वाटत नाही, साक्षीला माणसं मिळतच राहतात. पण त्यांना यापुढे हा एक माणूस तरी विकत, फुकट, मारून, कसाही मिळणार नाही. मला पुन्हा साक्षीला उभं करा. मी पाहिलं नसेल, तर नाही म्हणेन. दुसरा हात गेला तरी नाही म्हणेन.