बांधावरून घेतलेला बिंदू

काही वर्षांपूर्वी राहू गावात आबा या शेतकऱ्याच्या शेताची सरकारी मोजणी मीच केली. हद्दीचा दगड पाणी दिलेल्या उभ्या उसात होता. आबा वाट करून देत होते, पण मी कंटाळलो आणि बांधावरूनच मोजणीच्या मशीनवर अंदाजाने दगडाचा बिंदू घेतला. नकाशात त्यांची विहीर शेजाऱ्याच्या गटात गेली. शेजाऱ्याने पाणी अडवलं, तरी मी गप्प राहिलो. यंदा जाऊन आबांना सगळं सांगितलं.

"ठाव हाय मला. बुटाला चिखल न्हवता तुमच्या."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुम्ही आमच्यात जेवाय बसला हुता. ताटावरच्या पावण्याला कसं बोलायचं?"

चूक माझी, नकाशा दुरुस्त करावा, असं मी कार्यालयासाठी लिहून दिलं.

"दुरुस्ती हुईस्तवर शेजाऱ्याकडं पाणी मागाय तुम्हीच जायचं," आबा म्हणाले.

गेलो.