रौफसरांचा बिनसाखरेचा चहा

रौफसरांच्या खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण खडू असायचाच. गणित सुचलं की असतील तिथे बसून लिहायचं, ही त्यांची जुनी खोड. आमच्या किन्हवलीच्या घरी ते पहिल्यांदा मुक्कामाला आले, त्या दिवशी आईने पहाटेच ओटी सारवली होती. सर चूळ भरायला म्हणून उठले, वाटेत काहीतरी आठवलं, मटकन खाली बसले आणि पाऊण ओटी समीकरणांनी भरून टाकली. आई बाहेर आली. पाहुण्याने एवढी मोठी रांगोळी काढलेली बघून तिने त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि मधोमध झेंडूचं फूल ठेवलं. सरांना अगदी भरून आलं. बाकूमध्ये त्यांच्या समीकरणांवर आजवर फक्त लाल शेरे पडले होते, फूल कोणी वाहिलं नव्हतं. मग दुपारपर्यंत त्यांनी कोणाला ओटीवर पाय ठेवू दिला नाही आणि बाबा स्वतःच्याच घरात मागच्या दाराने ये-जा करत राहिले.

सर अझरबैजानमधल्या बाकूचे. उभा जन्म त्यांनी तिथल्या विद्यापीठात डिफरन्शियल इक्वेशन्स शिकवली आणि निवृत्तीच्या आधी दोन वर्षं मुंबईत शिकवायला आले. माझी धाकटी बहीण सुवर्णा त्यांच्या वर्गात एम.एस्सी. करत होती. दर शनिवारी कुठे पळतेस, असं त्यांनी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, गावी. तिथे डोंगर आहे का, हा त्यांचा दुसरा प्रश्न. आहे म्हटल्यावर तिसरा प्रश्न विचारलाच नाही, पुढच्या शनिवारी पिशवी घेऊन तिच्याबरोबर हजर झाले. तेव्हापासून बाकूला परत जाईपर्यंत त्यांचा शनिवार-रविवार आमच्याकडेच. पांढऱ्या मिशा, डोक्यावर चपटी टोपी आणि एसटीची दीड सीट व्यापणारा देह. शहापूर डेपोतले कंडक्टर त्यांना तिकीट देण्याआधी हात मिळवायचे.

मराठी ते आईकडून शिकले, तीही आमच्या घरातली, चुलीपुढची. त्यामुळे हा धिप्पाड गृहस्थ "मी येते", "मी जेवली", "मला वांगा नाय आवडत" असं बोलायचा. मी शहापूरच्या शाळेत गणित शिकवतो, म्हणजे चुका दाखवायची सवय रक्तातच. मी त्यांना सुधारायला गेलो. ते म्हणाले, "आमच्या भाषेत तो नाय, ती नाय. सगळे माणूस. तुमी तर खुर्चीला बाई केली आणि पाटाला बाप्या. बसायला दोन्ही सारखेच."

शिकवण्याचीही त्यांची तऱ्हा वेगळी. काही समजावून झालं आणि समोरच्याने लगेच मान हलवली, की त्यांचा पारा चढायचा. "इतक्या लवकर? मला तर अजून नाय समजला," म्हणायचे, आणि पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून. मी त्यांच्यासमोर मान हलवणं लवकरच सोडून दिलं. सुवर्णा मात्र मानही हलवायची नाही आणि गप्पही बसायची नाही. ती सरळ म्हणायची की तिसरी ओळ चुकली आहे. मग सर खुशीत येऊन आईला हाक मारायचे, "तुझ्या पोरीने मला पाडला!"

चालीरीतींचं त्यांना भारी वेड. म्हशाच्या जत्रेत बैलबाजार भरतो, तिथे दोन माणसं रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून बैलाचा सौदा करतात. बोटांनी आकडे बोलतात म्हटल्यावर सरांना राहवेना. आम्ही गरम भजी घेऊन येईपर्यंत त्यांनी रुमालाखाली हात घातला, मन लावून बोटं दाबली आणि एक खिल्लारी बैल घेऊन टाकला. तो सौदा मोडताना बाबांची दमछाक झाली. शेवटी म्हशाचे भातगिरणीवाले काशिनाथशेठ मध्ये पडले आणि पाहुणा परका आहे म्हणून सुटका झाली. परतीच्या वाटेवर सर मागे वळून वळून बघत होते. बैल चांगला होता, एवढंच मध्ये एकदा म्हणाले.

पण त्या बैलापायी बाबांची आणि काशिनाथशेठची ओळख झाली. ओळखीतून जाणं-येणं झालं, आणि महिन्याभरात शेठनी आपल्या नितेशसाठी सुवर्णाला मागणी घातली. स्थळ खरंच चांगलं होतं. मुलगा मुरबाडला कंपनीत, घरची गिरणी, माणसं सालस. बाबांनी रविवारी पाहण्याचा कार्यक्रम ठरवला आणि घरात परदेशी प्रोफेसर आहे हे दिसावं म्हणून सरांनाही बसवायचं ठरवलं. सुवर्णाला पुढे पीएच.डी. करायची होती. ते ती मला सांगायची, आईला सांगायची, सरांना सांगायची. बाबांसमोर मात्र तिची जीभ टाळ्याला चिकटायची. एरवी बाकूच्या प्रोफेसरची तिसरी ओळ खोडणारी मुलगी, बापापुढे नुसती पायाच्या अंगठ्याकडे बघायची.

कार्यक्रमाच्या दिवशी मी चहाचं बघायला आत गेलो तर सर स्वयंपाकघरात उभे, आणि साखरेचा डबा त्यांच्या पिशवीत. सुवर्णाने कुजबुजत सांगितलं ते असं. सरांच्या देशात मुलीकडून नकार असेल तर कोणी तोंडाने बोलत नाही. चहा बिनसाखरेचा पाठवतात. पाहुणे एक घोट घेतात, समजतात, शांतपणे उठून जातात. कोणाचा अपमान नाही, भांडण नाही, मुलीला एक शब्द बोलावा लागत नाही. सरांच्या मते एवढी सुबक सिद्धता जगात दुसरी नव्हती. मी म्हटलं, "सर, हे म्हशाच्या लोकांना कुठून ठाऊक असणार?" सर म्हणाले, "चव सगळ्यांना समजते."

सुवर्णा ट्रे घेऊन बाहेर गेली. बाबांनी घोट घेतला आणि आईकडे असं बघितलं की आईने पदर तोंडाला लावला. सर कोपऱ्यात हात बांधून, पाहुणे उठायची वाट बघत समाधानाने बसले होते. काशिनाथशेठनी एक घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला. सगळा कप संपवला. मग विचारलं, चहा कोणी केला. मी, असं सुवर्णा म्हणाली.

"पोरी, मला शुगर हाय," शेठ म्हणाले. "जाईन त्या घरात लोकं पाक पाजतात. कुनी इचारत नाय. तू न सांगता वलखलास." आणि बाबांकडे वळून, "आमची पसंती."

बाबा पेढे आणायला उठले. सरांचा चेहरा बघवत नव्हता. ते उभे राहिले, पिशवीतून साखरेचा डबा काढला आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

"मी चुकली," ते म्हणाले. "चहा 'नाय' बोलला, तुमी 'हो' ऐकला. माझ्या गावची पद्धत हितं लागत नाय. सुवर्णा, आता तूच बोल."

नितेशने पहिल्यांदाच मोबाइलवरून मान वर केली. सुवर्णाने ट्रे खाली ठेवला आणि बाबांकडे बघून म्हणाली, "मला शिकायचंय, बाबा. मला आत्ता लगीन नाय करायचं."

काशिनाथशेठ भला माणूस. त्यांनी डब्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि जमत असेल तर अजून अर्धा कप मागितला. तो पिऊन, नमस्कार करून ते गेले.

बाबा मात्र संध्याकाळपर्यंत ओटीवर एकटेच बसून राहिले. सर त्यांच्याशेजारी जाऊन बसले, मी उंबऱ्यावर. मग सर म्हणाले, "माझी पोरगी पण हुशार. तिला बघायला आले, तवा चहात साखर मी घातली. माझ्या हाताने. तिला इचारला नाय." पुढे म्हणाले, "ती आता फोन आईला करते. मला नाय."

बाबांनी सुवर्णाला हाक मारली. किती वर्षं लागतील, असं विचारलं.

"सांगता नाय येत, बाबा. एकेक गणित जन्मभर सुटत नाय."

"मंग हितं उभी कशाला?" बाबा म्हणाले. "लाग कामाला."

मला तेव्हा बाबांचा इतका अभिमान वाटला की मी तिथून उठूनच गेलो. जाताना बघितलं तर सर रेंज शोधत शेताच्या बांधावर चालले होते. तिथून त्यांचा आवाज ऐकू येत होता. भाषा त्यांची, आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं, पण फोन लगेच संपला. परत आले ते थेट चुलीपाशी, आईला सांगायला. पोरगी म्हणाली, आता टाइम नाय, उद्या फोन कर. मग तेच त्यांनी मला सांगितलं, सुवर्णाला सांगितलं आणि बाबांना दोनदा सांगितलं.

"उद्या कर बोलली."